तांबी शेकरूचा ब्रशसंच

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना एकाच वेळी कला सुचली.

ती कुठून आली ते कोणाला माहीत नाही. आदल्या वर्षी सगळ्यांना योगासनं सुचली होती. त्याच्या आदल्या वर्षी सगळ्यांनी मधमाश्या पाळल्या होत्या आणि सगळे सुजलेली तोंडं घेऊन हिंडत होते. या वर्षी कला. ससे मातीची भांडी करू लागले. तरस सुलेखन शिकू लागलं. कोल्हे एकमेकांना कवी म्हणू लागले. शिकार वगैरे पूर्वीसारखीच चालू होती, फक्त जेवणं झाल्यावर आता रसग्रहण होई.

जंगलात असं कुठे असतं का, असं विचारू नका. मागच्या बाकावरच्याने तर मुळीच विचारू नये. गोष्ट मी सांगतो आहे.

तर या जंगलात तांबी नावाचं एक शेकरू राहत होतं. शेकरू म्हणजे खारीची मोठी बहीण. अंग तांबूस, पोट पिवळसर आणि शेपटी अंगापेक्षा लांब, झुबकेदार. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर लांबच लांब उडी मारतं आणि उडीत शेपटी मागे पसरून तोल सांभाळतं. शेपटी नसेल तर शेकरू उडत नाही, नुसतं पडतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण तांबी पुढे हेच विसरणार आहे.

तांबीची शेपटी जंगलात नावाजलेली होती. ती उडी मारताना खाली चरणारी भेकरं मान वर करून बघत.

तांबीबरोबर तिची म्हातारी आत्या राहायची. आत्याचा पाय मोडला होता, त्यामुळे ती ढोलीतून बाहेर पडत नसे. नजरही अधू झाली होती. लांबचं काही दिसायचं नाही. नाकाशी धरलं तर रंग तेवढा कळायचा. जीभ मात्र शाबूत होती.

एके सकाळी आत्या ढोलीतून म्हणाली, "तांबे, वाऱ्याला गोड वास येतोय. कारवी फुलली का गं?"

"फुलली की. घळीपलीकडचा अख्खा डोंगर जांभळा झालाय."

आता कारवीचं असं असतं मुलांनो, की ती सात वर्षांतून एकदा फुलते. फुलते तेव्हा डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि मग पुन्हा सात वर्षं गप्प बसते. मागच्या फुलोऱ्याला आत्याचा पाय धड होता. पुढच्या फुलोऱ्याला आत्या नसणार, हे आत्यालाही ठाऊक होतं आणि तांबीलाही.

"एकदा बघायची होती," आत्या म्हणाली. ती असं काही मागत नसे.

"मी चित्र काढून आणते तुला. तिकडे जाऊन, समोर बसून काढते. तू नाकाशी धरून बघ."

"तुला येतं?"

"शिकेन की."

"शीक. पण लवकर शीक. फुलं काही थांबायची नाहीत आणि मीही."

खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. तांबीने घळीवरून उडी मारायची, कारवीसमोर बसायचं, हाताला येईल त्या काडीने चार फराटे ओढायचे आणि परत यायचं. पण तांबी विचार करणारी होती. कुठलीही गोष्ट करायची तर नीट करायची, असं तिचं मत होतं. आणि नीट करायची म्हणजे आधी सामान आणायचं, हे तिला कोणी न शिकवताच येत होतं. हसू नका. तुमच्या घरी माळ्यावर खोक्यात काय काय आहे, ते मला माहीत आहे.

ती ब्रश आणायला मुंगूसरावांच्या दुकानात गेली.

दुकान एका मोठ्या वारुळात होतं. ते वारूळ आधी एका नागाचं होतं. नागाचं पुढे काय झालं, हे विचारलेलं मुंगूसरावांना आवडत नसे. आत भिंतीला सगळीकडे ब्रश टांगलेले. गोल, चपटे, मांजराच्या जिभेच्या आकाराचे, पंख्यासारखे पसरलेले, आणि एक तर इतका बारीक की टोकाला फक्त दोन-तीन केस.

"या ताई," मुंगूसराव म्हणाले. "नवीन सुरुवात वाटतं?"

"हो. मला कारवीचं चित्र काढायचंय. पाण्याच्या रंगात. कोणता ब्रश घेऊ?"

मुंगूसरावांनी एक गोल ब्रश काढला, पाण्यात बुडवला आणि मनगटाला एक झटका दिला. केस आपोआप एकत्र आले आणि छान टोक तयार झालं. बोटाने दाबलं की वाकायचं, सोडलं की पुन्हा ताठ.

"ब्रश असा बघून घ्यावा. ओला करून झटकला की टोक आलं पाहिजे. केस फाकले तर ब्रश परत ठेवायचा."

तांबी बघतच राहिली. इतकी सुंदर वस्तू तिने आजवर हातात घेतली नव्हती. आणि त्यात तिची काही चूक नव्हती, ब्रश सुंदरच होता.

"मी ऐकलंय, नवशिक्याला दोनच ब्रश पुरतात," ती म्हणाली. "एक जाड, एक बारीक."

"अगदी खरं. दोनच पुरतात. पण कोणते दोन, हे कळायला आधी सगळे घ्यावे लागतात."

तांबीला हे पटलं. मलाही ऐकताना क्षणभर पटलं होतं.

"बरं, हा पंख्यासारखा कशाला?"

"गवत काढायला."

"मला गवत नाही काढायचं. कारवी काढायचीय."

"आज नाही काढायचं. पण उद्या कारवीखाली गवत निघालं, तर ऐन वेळी धावपळ कोणाची?"

"आणि हा राठ केसांचा?"

"हा डुकराच्या केसांचा. तैलरंगांसाठी."

"मी तैलरंग वापरणार नाहीये."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," मुंगूसराव मायेने म्हणाले.

"मुंगसाच्या केसांचा सगळ्यात चांगला असतो म्हणे. तो नाही का?"

मुंगूसरावांचा चेहरा गंभीर झाला. "असतो चांगला. पण त्यासाठी जिवंत मुंगसाचे केस उपटावे लागतात. मला ते बघवत नाही. मी तत्त्वाचा माणूस आहे, ताई."

मग मोल ठरलं. या दुकानात पैसे चालत नसत, केस चालत. एका ब्रशाला शेपटीतली एक चिमूट. तांबीच्या शेपटीकडे बघून मुंगूसरावांनी दोनदा चष्मा पुसला. तांबीला वाटलं, एवढ्या भरगच्च शेपटीतून एक चिमूट गेली तर कोणाला कळणार? तिने डोळे मिटले, ओठ दाबले आणि त्या दिवशी तीन चिमटी देऊन घरी आली.

"आणलास ब्रश?" आत्याने विचारलं.

"तीन आणले."

"चित्र एकच आहे ना गं?"

"आत्या, तुला यातलं नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी तांबी निघणारच होती. पण वाटेत तिला पाटी दिसली. 'प्रारंभिक कुंचला-संस्कार वर्ग. मार्गदर्शक : बगळे सर.' ब्रश घेतले आणि ते वापरायचे कसे हेच माहीत नसलं, तर काय उपयोग? ती वर्गात जाऊन बसली.

बगळे सर तळ्याच्या काठाला एका पायावर उभे होते. ते स्वतः चित्रं काढत नसत. फार पूर्वी एकदा काढलं होतं, पण ते कोणी बघितलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांना फार आदर होता.

"ब्रश म्हणजे काय?" सरांनी डोळे मिटून विचारलं.

सशांनी आपापले ब्रश छातीशी धरले.

"ब्रश म्हणजे जबाबदारी."

वर्गात कोणीतरी हुंदका दिला.

मग सरांनी नियम सांगितले. ब्रश डोकं खाली करून पाण्यात उभा ठेवू नये, टोक कायमचं वाकतं. रंग केस बसवलेल्या पत्र्याच्या नळीपर्यंत चढू देऊ नये, आत वाळला की केस फाकतात. गरम पाण्याने धुऊ नये, आतला डिंक सुटतो आणि केस गळतात. कोमट पाणी घ्यावं, तळहातावर रिठ्याचा फेस करावा आणि ब्रश त्यात हलकेच फिरवावा. पिळू नये. चिमटीने टोकाला आकार द्यावा. आडवा ठेवून वाळवावा आणि पूर्ण वाळल्यावरच केस वर करून उभा ठेवावा.

हे सगळं खरं होतं, मुलांनो. यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं असतं तर निदान कोणाला तरी संशय आला असता.

वर्गात एक अस्वल होतं. त्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णांकडे ब्रश नव्हता. त्यांनी पळसाची मुळी एका टोकाला चावून तिचा झुबका केला होता. तेच त्यांचं हत्यार.

"सर, एक इचारू का?" अण्णा म्हणाले. "आपन अजून रंग लावलाच न्हाई. मग धुवायचं काय?"

"धूळ," सर म्हणाले.

"आनि रंग कवा लावायचा?"

सरांनी एक डोळा उघडला. "घाई झालेल्यांसाठी हा वर्ग नाही."

तेवढ्यात सरांना दिसलं की अण्णांनी आपली मुळी डोकं खाली करून पाण्यात उभी ठेवली आहे. वर्ग शहारला. दोन सशांनी तोंडं फिरवली. अण्णांना त्याच दिवशी वर्गातून काढून टाकण्यात आलं. त्यांनी मुळी पाण्यातून काढली, मऊ झालेला भाग खाऊन टाकला, नवीन टोक चावलं आणि ते मधाच्या वासावर घळीच्या दिशेने निघून गेले. जाताना तांबीला म्हणाले, "कारवी लई फुललीया पोरी. येतीस का?"

"आज आकार द्यायचा तास आहे," तांबी म्हणाली.

त्या तासाला सर तिचा ब्रश हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. "टोक," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. पण वर्गातल्या सगळ्यांनी माना वळवल्या, आणि तांबीच्या अंगावर जन्मात पहिल्यांदा असा काटा आला. उडी मारताना भेकरं बघायची ते वेगळं. ती बिचारी काय, कोणाकडेही बघतात.

वर्गातल्यांचं 'कुंचलाप्रेमी मंडळ' होतं. रोज सकाळी सगळे तळ्यावर जमत आणि आपापले ब्रश एकमेकांना दाखवत. कोणाचा दांडा शिसवीचा, कोणाचा बांबूचा. "काय टोक ठेवलंय!" असं म्हणण्याची तिथे पद्धत होती. कोणी चित्राचा विषय काढला तर थोडी शांतता पसरे, आणि मग कोणीतरी समजूतदारपणे म्हणे, "होईल, तेही होईल."

तीन ब्रशांनी तांबीचं तिथे भागेना. तिने जिभेच्या आकाराचा घेतला. मग पंख्याचा घेतला. मग डुकराच्या केसांचासुद्धा घेतला, कारण मंडळात तिच्याचकडे तेवढा नव्हता. दर खेपेला एक चिमूट. मुंगूसराव चिमूट घेऊन आतल्या खोलीत जात आणि थोड्या वेळाने हसतमुखाने बाहेर येत.

एकदा त्यांनी तिला एक नवा ब्रश दाखवला. मऊ, दाट, तांबूस केसांचा.

तांबीने तो गालावरून फिरवला. "याचे केस ओळखीचे वाटतात."

"उत्तम केस सगळ्यांनाच ओळखीचे वाटतात," मुंगूसराव म्हणाले.

त्याच्यासाठी तिने दोन चिमटी दिल्या. आपल्याच शेपटीचे केस विकत घ्यायला आपल्याच शेपटीचे केस मोजले. मुलांनो, मोठं झाल्यावर तुम्हाला कळेल की हे फारसं विचित्र नाही. तुमचे बाबा करतात, विचारा.

घरी आता तांबीला उसंत नव्हती. सकाळी ब्रश धुवायचे. दुपारी आडवे करून वाळवायचे. वारा आला की झाकायचे, ऊन वाढलं की सावलीत ओढायचे. वाळले की उभे करायचे. उभे केले की कसर लागेल म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवायचा. पाल्याची पूड केसांत गेली की पुन्हा धुवायचे.

"काय झालं गं चित्राचं?" आत्या विचारी.

"ब्रश वाळतायत."

"ओले कशाने झाले?"

"धुतले."

"रंग लागला होता?"

"नाही."

"मग धुतलेस का?"

"आत्या, त्याला शिस्त म्हणतात."

"शिस्तीचा रंग कोणता असतो?" आत्याने विचारलं. पण तांबी ढोलीबाहेर निघून गेली होती. पाला ओला झाला होता.

शेवटी एके दिवशी तांबीच्याही लक्षात आलं की रंग राहिलेच. ती पुन्हा दुकानात गेली.

"रंग?" मुंगूसरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रंग आम्ही ठेवत नाही, ताई. रंगाने ब्रश खराब होतात."

त्याऐवजी त्यांनी तिला एक वेताची गुंडाळी दाखवली. सगळे ब्रश तीत खोचायचे, गुंडाळायचं आणि पाठीवर बांधायचं. प्रवासात टोकांना धक्का लागत नाही. तांबीने शेपटी पुढे केली. आता तिथे चिमटीत धरण्याजोगं फारसं राहिलं नव्हतं. मुंगूसरावांनी उरलेलं सगळं एकदम घेतलं आणि प्रेमाने म्हणाले, "हलकी शेपटी कलावंताला शोभून दिसते."

तांबीने तळ्यात वाकून पाहिलं. मागे एक लांब, उघडी काडी दिसत होती. तिला जरा कसंतरीच झालं. पण पाठीवरची गुंडाळी फारच छान दिसत होती, म्हणून तिने तेवढीच पाहिली.

मग वारा फिरला. एके दिवशी आत्या म्हणाली, "तांबे, वास उतरला. मधमाश्या परत चालल्यात, मला ऐकू येतंय. फुलं संपत आली गं."

तांबी दचकली. पहिल्यांदाच तिला फुलोरा आठवला. रंगाचं बघू, तिथे काहीतरी मिळेल, असं म्हणत तिने गुंडाळी पाठीला बांधली आणि घळीच्या काठावरच्या ऐनाच्या झाडापर्यंत गेली. पलीकडच्या काठाला हिरड्याचं झाड होतं. ही उडी तिने लहानपणापासून मारली होती. डोळे मिटूनसुद्धा मारली असती.

तिने उडी मारली.

शेपटी मागे पसरलीच नाही. पसरायला काही नव्हतंच. तांबी हवेत एका अंगावर कलंडली, भिरभिरली आणि हिरड्याच्या पुष्कळच अलीकडे, घळीतल्या एका वेलीला जाऊन अडकली. एका हाताने तिने वेल धरली. दुसऱ्या हाताने मात्र वेल धरली नाही. त्या हाताने तिने पाठीवरची गुंडाळी ओढून डोक्यावर उंच धरली, टोकांना ओल लागू नये म्हणून.

खाली ओढ्यात अण्णा उभे होते. त्यांच्या तोंडाला मध लागला होता आणि हात कोपरापर्यंत जांभळे होते. त्यांनी वर पाहिलं, दोन पायांवर उभे राहिले आणि तिला अलगद वेलीवरून काढून घेतलं.

"लागलं का न्हाई?"

"बघते," तांबी म्हणाली आणि तिने घाईघाईने गुंडाळी उघडून एकेक ब्रश तपासला. "नाही. कोणाला लागलेलं नाही."

अण्णांनी तोंडाचा मध पुसला. मग म्हणाले, "वरच्या अंगाला अजून थोडी फुलं हाईत. आजच्याला हाईत, उद्या न्हाईत. बस माझ्या पाठीवर, नेतो. माझी मुळी बी घे पायजे तर."

आता ऐका मुलांनो. कान देऊन ऐका. फुलं होती. न्यायला अस्वल होतं. आत्या जिवंत होती. तांबीला फक्त हो म्हणायचं होतं. ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी इथे मला वाटतं की या खेपेला ती हो म्हणेल.

तांबीने वर डोंगराकडे पाहिलं. मग तिने पंख्याच्या ब्रशाकडे पाहिलं. त्याच्या कडेला ओढ्याचे दोन थेंब उडाले होते.

"आज नको, अण्णा," ती म्हणाली. "आधी हे घरी नेऊन आडवे ठेवायला हवेत. असेच उभे वाळले, तर ओल नळीत उतरते."

अण्णांनी तिला ऐनाच्या झाडावर पोचवलं.

ती ढोलीत आली तेव्हा आत्या जागीच होती.

"आणलंस?"

तांबीने गुंडाळी सोडली आणि ब्रश आत्याच्या पुढ्यात मांडले. "चित्र राहिलं, आत्या. पण हे बघ तरी. सगळ्या मंडळात असा संच कोणाकडे नाही."

आत्याने चाचपडत एक ब्रश उचलला. तो तांबूस केसांचा होता. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग तो नाकाशी धरला. मग हात लांब करून तिने तांबीच्या पाठीमागे चाचपलं. हाताला काडी लागली.

"शेपटी छान होती गं तुझी," आत्या म्हणाली. "आपल्या घरात तशी कोणाचीच नव्हती."

तिने ब्रश पुन्हा होता तिथे ठेवला. आडवा ठेवला.

तेव्हा तांबीला दिसलं की आत्याच्या उशाशी एक झाडाची साल उभी केली आहे. सालीवर जांभळे थपकेच थपके होते. मध्ये एक हिरवट फराटा. एका कोपऱ्यात अस्वलाच्या पंजाचा ठसा.

"हे काय?"

"कारवी. अण्णा झाडाखालून जात होता, त्याला म्हटलं, एकदा बघायची होती. परवा वर चढून आला आणि देऊन गेला. फुलंच ठेचून त्यात मध घातलाय म्हणे. वास येतो बघ."

तांबीने साल हातात घेतली. तिचं शिक्षण झालं होतं, त्यामुळे तिला सगळं एका नजरेत दिसलं. "आत्या, हे कारवी कमी आणि वांग्याचं भरीत जास्त दिसतंय. कडा फाटल्यात. चावलेल्या मुळीने काढलंय, केस फाकलेले कळतात. आणि मुळी धुतलेलीसुद्धा नव्हती."

"असेल," आत्या म्हणाली आणि साल तिच्या हातातून काढून घेऊन पुन्हा नाकाशी धरली. "पण जांभळं आहे."

त्या थंडीत आत्या गेली. साल शेवटपर्यंत उशाशी होती. मला इथे वाईट वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर राहू द्या, तुमच्या शाळेत ते शिकवत नसतील.

पुढे जंगलात कलामहोत्सव झाला. वनराज स्वतः आले. त्यांनी नुकतंच जेवण केलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांशी प्रेमाने बोलत होते. उत्कृष्ट चित्राचं बक्षीस होतं, पण चित्र एकही आलं नव्हतं. अण्णांना कोणी कळवलं नव्हतं. मग समितीने एकमताने उत्कृष्ट ब्रशाचं बक्षीस ठेवलं आणि ते तांबीला मिळालं.

तांबी मंचावर आली. मागे शेपटी होती. मुंगूसरावांनी काथ्याचं गंगावन करून दिलं होतं. लांबून अगदी खरं वाटे. उडी मारता येत नसे, पण मंचावर चढायला पायऱ्या होत्या.

वनराजांनी एक ब्रश हातात घेऊन उजेडात धरला. "अहाहा! याला रंगाचा एक डाग नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बगळे सरांनी दोन्ही डोळे उघडले, आणि जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलं की असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर सरांनी वर्ग तांबीकडे सोपवला. ती अजून तो चालवते. फार छान शिकवते म्हणतात. ब्रशांबद्दल तिला विचारावं आणि तिने सांगावं. चित्रांबद्दल तिला कोणी विचारत नाही.

परवाचीच गोष्ट. एक छोटी खार वर्गात आली. नवीकोरी, भिरभिरत्या डोळ्यांची.

"बाई, मला आमच्या आंब्याचा मोहोर काढायचाय," ती म्हणाली. "माझा बाबा आजारी आहे. त्याला वर चढवत नाही. त्याला दाखवायचाय. दोन ब्रश पुरतील ना?"

क्षणभर तांबी खारीच्या डोक्यावरून पलीकडच्या डोंगराकडे बघत राहिली. आता काहीतरी होणार, असं मलाही वाटलं. मग तिची नजर खाली आली आणि खारीच्या पाठीमागे जाऊन थांबली.

"पुरतील की," ती मायेने म्हणाली. "पण कोणते दोन, हे कळायला आधी सगळे घ्यावे लागतात. शेपटी छान आहे गं तुझी."

तात्पर्य : नवशिक्याने ब्रशाची काळजी अशी घ्यावी की त्याला रंग लागण्याची वेळच येऊ नये. चित्र काढलं तर ते वाईट निघण्याची भीती असते. न काढलेलं चित्र आजवर कोणाचंही वाईट निघालेलं नाही. आणि ज्यांना शेपटी असेल त्यांनी ती पहिल्याच दिवशी दुकानात जमा करावी, म्हणजे मध्येच उठून उडी मारावीशी वाटत नाही.